सोळा फुटी बोट, नवा गाडा

नीना. बाईचं नाव वाटतं, पण गाव आहे,
विस्कॉन्सिनमध्ये, विनेबागो तळ्याच्या काठाला.
बर्फ फुटला की गल्लीतल्या एकेका गॅरेजातून
एकेक बोट नाक बाहेर काढते.

माझी सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची,
लॉयल ग्रुनवाल्ड गेल्यावर त्याच्या बायकोकडून घेतलेली.
"बोट चांगली आहे," आर्डिस म्हणाली होती,
"गाड्याबद्दल मी काही बोलणार नाही."
खरंच नाही बोलली.
चाक हातानं फिरवलं, तेव्हा चाकच बोललं.

तुंबा उघडला.
वंगण काकवीसारखं काळं, मधेच दुधासारखं फाटलेलं,
बेअरिंगच्या रोळांवर गंजाच्या पुळ्या.
याच्यावर लॉयल वीस उन्हाळे
ताशी सत्तर मैलांनी हायवेवरून गेला,
शेजारी आर्डिस, मांडीवर सँडविचचा डबा.

बोट म्हटली की आपल्याला पाणी दिसतं.
मी हिशेब केला: वर्षातले साठ तास पाण्यात,
उरलेला जन्म गाड्यावर,
ताडपत्रीखाली, एका अंगाला किंचित कलून.
म्हणून मोटरच्या आधी गाडा.
शाल्मलीला पटलं नाही.
सतराव्या वर्षी मोटर आधी लागते.

पाटे बदलले. फळ्या नव्या घातल्या,
त्यांवर करडा गालिचा ठोकला,
घरात नाही एवढा मऊ, बोटीच्या पोटासाठी.

दिव्यांचं काम तिनं घेतलं.
पिवळी तार डावी, हिरवी उजवी, तपकिरी मागच्या दिव्यांची,
आणि पांढरी. इथं ग्राउंड म्हणतात,
मी तिला अर्थ म्हणायला शिकवलंय.
डावा लावला की उजवा मिणमिणायचा,
ब्रेक दाबला की दोन्ही विझायचे.
दोन संध्याकाळी अशाच गेल्या.
मी म्हटलं, दिवेच खराब निघाले असतील.
ती गाड्याखालून म्हणाली,
"बाबा, अर्थ नीट लागत नाहीये."
मी हसलो. ती चिडली. का हसलो ते
तिला अजून सांगितलेलं नाही.
मग तिनं रंग खरवडला, गंज खरवडला,
उघड्या लोखंडात स्क्रू पिळला.

जुनी बॅटरी काढताना माझ्या कमरेत उसण भरली,
तीस किलोचं शिसं आणि आम्ल.
नवी लिथियमची ती एका हातात घेऊन आली,
दुसऱ्या हातात फोन.
नव्या मोटरच्या रिमोटवर एका बटणावर
नांगराचं चित्र आहे. दाबलं की बोट
आहे तिथंच राहते, दोर नाही, लोखंड नाही.
माझा मामा हर्णैला खलाशी होता,
नांगर ओढून तळहातावर एवढे घट्टे
की गरम चहाची वाटी तो बोटांऐवजी तळव्यावर धरायचा.
त्याला हे बटण दाखवलं असतं
तर आधी त्यानं किंमत विचारली असती.

शनिवारी उतरवली.
ब्रेकर तपासला, पट्टा तपासला, पंखा तपासला.
दहा मिनिटांत बूट ओले.
बूच! गॅरेजच्या फळीवर राहिलेलं, चौदा डॉलरचं, पितळी.
मराठीत बूच बसणं वाईट,
बोटीत न बसणं त्याहून वाईट.
धक्क्यावरच्या तिघांनी पाहिलं, आणि तिघेही
एकदम आपापल्या दोऱ्यांत गुंतले.
तो सभ्यपणा मी विसरणार नाही.

दुपारी पुन्हा गेलो, बूच खिशात नाही, जागेवर.
वारा पश्चिमेचा. बटण दाबलं.
मोटर जरा डावीकडे कुरकुरली, थांबली,
जरा उजवीकडे, थांबली.
स्वस्थ राहायला एवढी खटपट लागते
हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.
मासा एकच, तोही लहान, परत सोडला.

अंधार पडताना ती गाडी मागे घेत होती.
गाडा डावीकडे हवा तर चाक उजवीकडे,
दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सरळ आली.
मी बोटीत उभा.
गाडा पाण्यात शिरला, फळ्या बुडाल्या, चाकं बुडाली,
आणि पाण्याखाली दोन लाल दिवे जळत राहिले.
तिनं काचेतून हात काढून विचारलं, दिसतंय?
डावा डावा, उजवा उजवा.