तिसावी

साताऱ्याच्या स्टँडवर पार्सल उतरवताना
हमालानं विचारलं, काठ्या कसल्या ह्या?
ओल्या गोणपाटात एकतीस.
पान नाही, मातीचा कण नाही,
मुळं अशी उघडी
की माझीच नजर खाली गेली.

सफरचंद, मी म्हणालो.
तो हसला. मेढ्याकडं?
मीही हसलो, वीस रुपये जास्त दिले.

एसटीत मागच्या सीटखाली आडवी ठेवली,
खिडकी लावून घेतली.
शेजारचा म्हातारा म्हणाला, पाव्हणं, गुदमरतंय की.
म्हणालो, झाडांना वारा बाधतो.
मग उतरेपर्यंत तो काही बोलला नाही.

खड्डे तयार नव्हते.
सोपान रांजणे पहार घेऊन
दोन दिवस जांभ्याशी बोलत होता,
जांभा ऐकत नव्हता.

मग गोठ्यामागं, जिथं दिवसभर ऊन फिरकत नाही,
हातभर खोल चर काढला.
झाडं तिरकी निजवली, शेजारी शेजारी,
मुळांवर भुसभुशीत माती लोटली
आणि मुठीनं दाबत गेलो,
कुठं पोकळी राहू नये म्हणून.
पाणी बेताचं.
तुडुंब पाण्यातही मूळ मरतं,
हे मला चाळिशीत कळलं.

चौथ्या दिवशी मोजली. एकोणतीस.

वत्सलाकाकी न्हाणीच्या चुलीपाशी उकिडवी,
फुकणी फुंकून फुंकून डोळे लाल.
"कसली रं लाकडं आणलीस?
पेटतच न्हाईत. नुसता धूर."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
वाळकी काटकी ती लांबून ओळखते,
साठ वर्षं तेच केलंय,
आणि पहिल्यांदा चुकली.

एकीचे तीन तुकडे झाले होते.
दुसरी अखंड, शेंडा आत, मुळं बाहेर.
ओढून काढली.
काकीनं नखानं साल खरवडली.
आत ओलं, मेथीच्या देठासारखं हिरवं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"आधी बोलायचंस की."
मला म्हणाली की त्या काठीला,
कळलं नाही.

तिनंच शेण कालवलं, त्यात माती घातली,
मुळं पार बुडेपर्यंत बुडवली.
काळं होतं तिथवर शेंडा विळ्यानं उडवला
आणि चराच्या टोकाला,
बाकीच्यांपासून जरा लांब,
तिसावी निजवली.

आज सोळा खड्डे झालेत.
सोपानची पहार वाकली, ती सरळ करायला गेलीय.

काकी रोज संध्याकाळी गोठ्यामागं जाते,
गोणपाट ओलं करते,
आणि त्या एकीच्याच सालीवर नख ठेवते.
टोचत नाही. ठेवते.

चुलीत हल्ली शेणीच घालते.
अंघोळीला पाणी कोमट मिळतं.
घरात कुणी काही बोलत नाही.