कारण लिहा

जळगावात, एमआयडीसीत, चटयांचा कारखाना.
मी युटिलिटीत. म्हणजे पाणी, हवा, वीज.
चालू असताना कुणाला दिसत नाही,
बंद पडलं की सगळ्यांना माझं नाव आठवतं.

अकरा वर्षं, सकाळी सातला,
लाल पाठीच्या रजिस्टरात मी पाण्याचा आकडा लिहिला.
मीटरचा काटा दुसऱ्याच उन्हाळ्यात बसला होता.
मग अंदाज : एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी,
रविवारी एकशे सत्तर,
खोट्यालाही साप्ताहिक सुट्टी हवी.
ऑडिटर यायचा, चहा घ्यायचा,
अक्षर छान आहे म्हणायचा.

मग पुण्याहून हेमांगी बऱ्हाटे आली.
"काय भो, कसं चाललं" म्हणाली
तेव्हा कळलं, पोरगी फैजपूरची.
खोकंभर सेन्सर घेऊन आली होती.
दंडाला बीपीचा पट्टा बांधतात
तसे तिने पाइपांना पट्टे बांधले.
नऊ कारखाने, एक पडदा.
इथे थेंब सांडला
तर तिकडे दहाव्या मजल्यावर लाल दिवा.
मी म्हटलं, सांडू दे की,
पंचेचाळीस डिग्रीत वाळायला कितीसा वेळ.

पहिल्या रात्री तीन वाजता
सगळी मशिनं थंड,
आणि आलेखावरची एक रेघ
काही केल्या शून्याला टेकेना.
ताशी सहाशे लिटर.
हेमांगी म्हणाली, "मशीन झोपलंय. मग पितंय कोण?"

मी बॅटरी घेऊन निघालो.
कूलिंग टॉवरच्या मागे, भंगाराच्या पलीकडे,
ऐन मे महिन्यात चिखल.
चिखलात बेडूक.
आणि भरताच्या वांग्यांची सतरा झाडं,
थंडीतलं पीक, उन्हाळ्याला न जुमानणारं.
बी बामणोदचं, हात सुभान तडवीचा.
रातपाळीचा वॉचमन, खुर्चीतून उठलाही नाही.
"मी कुठं नळ सोडला, साहेब?
पाणी वाहतच व्हतं."
कॅन्टीनच्या डिसेंबरातलं भरीत कुठून यायचं
ते मला त्या रात्री समजलं.

चौदा हजार लिटर. रोज.
आमच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येतो,
बाई-माणूस हंडे मांडून पहाटेपासून जागं.
मी गुणाकार करायला घेतला
आणि अर्ध्यावर सोडला.

पाइप बदलला. रेघ शून्यावर निजली.
पुढच्या आठवड्यात गळकी हवा सापडली,
मग जेवणाच्या सुट्टीत उगाच धावणारा कॉम्प्रेसर,
दीपनगरचा कोळसा आम्ही
रिकाम्या शेडमध्ये फुंकत होतो.
माझं रजिस्टर कुणी बाहेर काढलं नाही.
हेमांगीनेही नाही. एकदाच तिने ते चाळलं,
रविवारच्या एकशे सत्तरवर बोट ठेवलं,
आणि पान उलटलं.

पाचव्या दिवशी झाडांनी माना टाकल्या.
सुभान घरून कॅन आणू लागला, सायकलला बांधून.
मग एका दुपारी, कुणाला न विचारता,
हेमांगीने तिथे एक छोटा व्हॉल्व्ह बसवला,
त्यालाही पट्टा, त्यालाही नंबर : एकशे अठरा.
रोज चाळीस लिटर, मोजून.

आता दर रात्री पडदा विचारतो :
उत्पादन बंद असताना वापर. कारण लिहा.
खाली पर्याय. गळती. चाचणी. साफसफाई. इतर.
मी 'इतर' निवडतो
आणि लिहितो : वांगी.

महिन्याने दहाव्या मजल्यावरून मेल आला,
कृपया सविस्तर कळवावे.

अकरा वर्षांत प्रथमच
आकडा खरा होता, कारणही.
मी सविस्तर कळवलं :
भरताची.