तिथीच्या पाऊणपट

जुव्यावरची एकोणीस घरं
भरतीला बोलत नाहीत.

असं मी रजिस्टरात लिहिलं नाही.
लिहिलं : एकोणीस मीटर, संपर्क अनियमित, कारण अज्ञात.
ऑफिसला कारण अज्ञात चालतं,
भरती चालत नाही.

अलीकडच्या धक्क्यावर, जिथे पूर्वी तर लागायची,
खांबावर आमची पेटी आहे, राखाडी, जेवणाच्या डब्याएवढी.
पलीकडचे मीटर तिला हाका मारतात.
एकाचा निरोप दुसरा उचलतो, दुसऱ्याचा तिसरा,
आणि मशिदीमागच्या घरातून
मुचकुंदीच्या खाडीवर एक उडी.
अर्धा किलोमीटर पाणी. फार नाही.

तीन खेपा मारल्या.
सिम बदललं, अँटेना बदलली,
खांबावरचं कावळ्याचं घरटं काढलं, ते पाप माझ्या माथी.
मीटर धडधाकट. पेटी धडधाकट.
मधलं पाणी तेवढं तपासायचं राहिलं होतं.

जैनबी मुकादम पोटरीभर चिखलात
मुळे काढत होती. मान वर न करता म्हणाली,
"आता बघ लावून. आता लागेल.
भिकाजी तारी वही घेऊन रीडिंगला यायचा,
तोही सुकतीलाच, कमरेभर पाण्यातून चालत.
तरीचे पैसे वाचवायचा मेला."

लावून बघितलं. एकोणीसच्या एकोणीस,
हजेरी दिल्यासारखे.

मग तिने हिशेब शिकवला :
तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची,
तितक्या वाजता भरती.
अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.
त्यात सहा मिळवले की सुकती.
"भिकाजी तिथी म्हणायचा, आम्ही चांद म्हणतो,
पाणी काय दोघांचं वेगळं नाय."

खांब आठ फूट उंच करा, असा अर्ज केलाय.
अर्ज वर गेलाय. वर म्हणजे कुठे, ते विचारू नये.
तोवर सर्व्हरला सांगून ठेवलं,
जुव्याला रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा हाक मार.
सर्व्हर पुण्याला, वातानुकूलित खोलीत.
त्याने खाडी बघितलेली नाही. पण ऐकलं.

निघताना जैनबीने विचारलं,
"ह्या डबीतून आमचं काय काय कळतं गो तुला?"
"युनिट," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
पण दर अर्ध्या तासाला एक नोंद होते,
आणि सतरा नंबरच्या आलेखात
रोज रात्री अडीचला एक बारीक उंचवटा.
दिव्याहून थोडं जास्त, बस.
कुणी उठतं, काहीतरी करतं, विझवतं.
सतरा नंबर तिचं.
विचारलं नाही. विचारणारी मी कोण,
वीज मोजणारी.

त्रयोदशीला उंचवटा नाही.
चतुर्दशीला नाही. फ्रिजपुरती सपाट रेघ.
पुनवेला उधाण, खाडी तुडुंब,
रात्री साडेनवापासून जुवा गप्प.

मीटर गप्प झाला म्हणजे बंद पडला असं नाही,
तो लिहून ठेवत असतो, वाट मिळाली की पाठवतो,
हे मी प्रशिक्षणात नव्या पोरांना सांगते.
त्या रात्री स्वतःला सांगत बसले,
रत्नागिरीत, भाड्याच्या खोलीत,
मांडीवर लॅपटॉप, पंखा दोनवर.

पाचच्या सुमारास पाणी उतरलं असावं.
पहिला आला नऊ नंबर. मग चार. मग तिघं एकदम.
अठरा झाले.
सतरा म्हणजे टोकाचं घर,
त्याचा निरोप तीन घरं फिरून येतो,
उशिराच येतो, नेहमीच येतो उशिरा,

आला.

अडीच वाजता उंचवटा होता.
रोजच्या चौपट.
पाणी तापवलं असेल. दोन-तीन खोल्यांत दिवे.
कुणाला तरी आणायला गेली असेल,
कुणीतरी आलं असेल.

रजिस्टरात लिहिलं : एकोणीस मीटर, संपर्क सुरळीत.
कारणाचा रकाना
रिकामा सोडला.