उतरताना चावते

बाजाराच्या आदल्या सांजेला
हलीमाचाचीनं निरोप धाडला:
गाडी चावायलीय, ये.

गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर,
आधी डोळ्यांच्या दवाखान्याची, लिलावात घेतलेली.
पुढं चष्म्यांचं दुकान, मागं शेगडी आणि दोन फळ्यांची खाट,
मधे भिंगं घासायची मशीन.
मोईनचाचा अठरा वर्षं तिच्यातच राहतात.
जवळा बाजारला आले की
डुब्बेवारांच्या गिरणीतून वायर ओढतात,
दिवसाचे चाळीस रुपये.

"आत बसलं तर काही नाही," चाची म्हणाली,
"उतरताना चावते."

आयटीआयच्या दोन वर्षांत
इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.
एक पाय जमिनीवर, एक हात दाराच्या दांडीवर,
जे व्हायचं ते तेवढ्यात.
गाडी रबरावर उभी, तिला जमीन ठाऊक नाही.
माणूस मधे आला की होते ओळख.

दांडीला टेस्टर लावला. पेटला,
गुंजेएवढा लाल.

"प्लग उलटा घाल, मग नाही चावत.
सेलूच्या पोरानं सांगितलंय," चाचा म्हणाले.
प्लगच्या एका अंगाला नेलपॉलिशचा ठिपका,
ठिपका नेहमी वर.
चाचा, फेज गावागणिक बाजू बदलते.
सेलूत डावीकडं, इथं उजवीकडं,
मानवतात बहुतेक दोन्हीकडं.
चाचा हसले. चाची नाही हसली.

मग गिरणीपासून सुरू केलं.
सॉकेटचं तिसरं भोक पिठानं गच्च,
मागं तारच नाही.
केबलला सहा जोड: एक दवाखान्याच्या चिकटपट्टीचा,
एक दुधाच्या पिशवीचा,
एकावर गोधडीची चिंधी आणि डांबर.
चाचा बोट ठेवून सांगत होते,
हा परतूरचा,
हा जिंतूरचा, तिथला मिस्त्री रोजा सोडून आला होता.
आत तर सगळ्याच तारा लाल.
ज्याच्याकडं जे बंडल उघडं, ते त्यानं ओढलेलं.

मेन काढला. सिरीजचा बल्ब घेऊन
एकेक तार गाडीच्या पत्र्याशी विचारत गेले.
पंखा: नाही. मशीन: नाही.
चाचीचा मिक्सर: नाही, उगाच बदनाम.
अक्षरांच्या पाटीमागची तार लावली
आणि बल्ब भक्कन पेटला.
पाटी उतरवली. वर मोठा क, खाली बारीक होत जाणारी गर्दी,
शेजारी उर्दूची रांग.
मागं उंदराचं घरटं, रबर कुरतडलेलं,
उघडं तांबं पत्र्याला टेकून
किती गावं फिरलं कुणास ठाऊक.

तार बदलली. मग सळई ठोकायला घेतली.
पहिला हात काळ्या मातीत गेला, पुढं मुरूम.
मीठ टाकलं, शेगडीतला कोळसा टाकला,
पण कोरडी जमीन काही घेत नसते.
पाणी मागायला जीभ उचलेना,
टँकर परवा आलेला.
चाचीनं मशीनखालची बादली आणली,
भिंगं घासलेलं राखी पाणी,
काचेचा गाळ तळाशी.
"हे फेकायचं कुठं, हेच रोज कळत नव्हतं," म्हणाली.
जमिनीनं ते आवाज करून प्यायलं.

हत्यारं भरताना चाचांनी एक कार्ड हातात दिलं.
"वाच."
वाचायला हात लांब गेला.
"तारसुद्धा अशीच लांब धरत होतीस. चाळिशी लागली तुला."
मी म्हटलं, अजून एकोणचाळीसच आहे.
"डोळ्यांना कुठं माहीत."
पैसे घेतले नाहीत मी. त्यांनीही घेतले नाहीत.

रात्रभर मशीन घरघरत होती.
काच दाबली की दिवा मंद,
उचलली की पुन्हा उजेड.

सकाळी गेले. एक पाय जमिनीवर ठेवून
दांडीला हात लावला, सवयीनं उलटा.
गार लोखंड, बाकी काही नाही.
चष्मा घातला, पाटीमागं वाकले,
माझाच कालचा जोड पाहिला:
एक केसाएवढं तांबं
टेपच्या बाहेर डोकावत होतं.
चाचा पहिल्या गिऱ्हाइकाला
क वाचायला लावत होते.
मी मेन काढला, पक्कड उघडली,
काही न बोलता तो जोड पुन्हा केला.