माग

आमच्या गल्लीत पांजणी करायची
तर दोन्ही टोकांना माणूस लागतो.
एक टोक चौंडेश्वरीच्या ओट्याला,
दुसरं मशिदीच्या नळाला,
मधे साठ हात सूत, खळ लावलेलं,
ऊन चढायच्या आत ताणलेलं.
गल्लीची लांबी आम्ही कधी मोजली नाही.
एका लुगड्याचा ताणा मावतो
एवढंच ठाऊक.

आम्हा कोष्ट्यांचे माग भंगारात गेले.
मी रात्री एटीएमच्या दारात बसतो.
शेवटचा खड्डामाग मेहरूबीकडे,
दरवर्षी देवीचं लुगडं तिथूनच येतं,
हे बोलून कुणी दाखवत नसे,
देवीही नाही.

त्या रात्रीनंतर
गल्लीच्या मधोमध पोलिसांचा पिवळा कठडा आला.
दगड सगळेच मारत होते, असं माझं पोट्टं म्हणालं.
सगळ्यांचे दगड मला माहीत नाहीत.
ह्याचा माहीत आहे.
तो मेहरूबीच्या नातवाच्या, तौसीफच्या, भुवईवर बसला.
मेयोत सात टाके.

ठाण्यात शांतता समिती झाली.
कागदी कपात चहा, प्रत्येकी दोन बिस्किटं.
पुजारी आणि इमाम हात धरून उभे राहिले,
पुन्हा एकदा उभे राहिले,
पहिल्या फोटोत डोळे मिटले होते म्हणून.
भाषणं चांगली झाली.
येताना दोघे वेगवेगळ्या रस्त्यांनी आले.

आठव्या दिवशी मी कठड्याखालून वाकून गेलो.
ती कांड्या भरत बसली होती.
म्हटलं, बी, माफी मागायला आलो.
चरखा थांबला नाही.
म्हणाली, "अल्लाचा गुन्हा केला असता
तर अल्लाकडे गेला असतास.
माणसाचा केला तर तो अल्लाही माफ करत नाही,
ज्याचा केला त्यालाच मागावं लागतं.
आणि मागायचं तर ज्यानं केला त्यानंच.
तू कोणाच्या वतीनं आलास, पराते?"

मी परत निघालो. वाटेत मला वाटत होतं,
आपल्या भाषेत हे किती जवळजवळ ठेवलंय,
माग म्हणजे विणायचा,
माग म्हणजे पाऊलखुणा, काढायच्या,
आणि मागणं.
आणि मी, सगळ्यांच्या मागे.

मग नवरात्राआधीची पांजणी आली.
पहाटे साडेपाच. खळीचा आंबूस वास.
पोट्टं आलं, कसं आलं ते विचारू नका,
त्याची आई तीन दिवस जेवली नव्हती.
कठडा कुणी हलवला नाही.
सूत त्याच्या दांड्याखालून गेलं.
भंडाऱ्याकडचा हवालदार म्हणाला, किती वेळ जी?
म्हटलं, खळ सुकेपर्यंत.
तो खुर्ची घेऊन बाजूला सरकला.

या टोकाला माझा चेतन, त्या टोकाला तौसीफ.
साठ हातांवरून तोंड दिसतं, डोळे दिसत नाहीत.
पण एकानं हात ढिला सोडला
की दुसऱ्याच्या मनगटाला कळतं.
दोनदा कळलं. दोनदा दोघांनी ओढून धरलं.

मग बरोब्बर कठड्यापाशी धागे तुटले.
चार-पाच. म्हातारे डोळे सांधू शकत नाहीत.
टोक मी घेतलं, तिकडलं मेहरूबीनं,
पोरं मधे गेली,
लोखंडाच्या दोन बाजूंनी उकिडवी बसली,
थुंकी लावून, पिळून, गाठ.
थुंकी कोणाची हे सुताला कळत नाही.

चेतनचे ओठ हललेले मी पाहिले.
तौसीफनं मान वर केली नाही,
भुवईवरचा डाग घामानं चमकत होता.
मग त्यानं काहीतरी विचारलं,
किंवा नुसतं सुताचं टोक मागितलं असेल.
कुंच्याचा खसखस आवाज, त्यात नमाजाहून परतणारी माणसं
सूत ओलांडू नये म्हणून भिंतीला चिकटून चाललेली.

पलीकडून मेहरूबी ओरडली,
"काय म्हणाला रे पोट्टा?"
"ऐकू नाही आलं, बी."
"मलाही नाही. हात ढिला सोडू नकोस."

ऊन ओट्यावर आलं होतं.
खळ अर्धी ओली होती अजून.