तपासले

रहिमतपूर टपालाचा शिक्का अजून वाचता येतो.
बाकी मागची बाजू कोरी.
बिस्किटाच्या डब्यात सतरा कार्डं:
बन्नूचा बाजार, टांकचा किल्ला,
खिंडीतून उतरणारे उंट,
एकावर नुसता डोंगर
आणि त्याच्या खांद्यावर काळा ठिपका.

बयाजी निकमांना लिहिता येत नव्हतं.
पलटणीतला मुन्शी मजकुराचा आणा घ्यायचा,
पत्ता फुकट.
मग पत्ताच धाडला, सतरा वेळा.

त्या कोऱ्या जागेतही सेन्सॉरची जांभळी मोहोर:
तपासले.
काय तपासलं असेल साहेबाने?
कंदिलापुढे आडवं-उभं धरून
शोधली असेल का एखादी लपवलेली ओळ,
बैलाची चौकशी, पोराचं नाव?

ठकूबाई कार्ड कानाशी हलवायची म्हणे,
सुपारी हलवून बघावी तशी,
आणि फळीवर ठेवायची.

अठरावं आलं ते पाकीट. आत दाट टंकलेलं.
मास्तरांनी चष्मा चढवला, घसा खाकरला.
ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या मास्तर,
लिवलंय म्हंजी त्यांचं न्हाई.

ते पाकीट डब्यात नाही.

माझी लेक नखाने डोंगर खरवडते:
बाबा, हा ठिपका शाईचा, की माशीचा?
मी भिंग पुसत राहतो.