आसोग्यात अर्धा तास

दांडेलीला निघालो होतो अकरा जण
आणि भरमाणीची पोरगी.
खानापूर टाकलं नि ट्रॅक्सनं धाप टाकली.
भरमाणी म्हणाला, इंजन तापूलाय,
आत नदी हाय, तिथं गार करू.
म्हणून आसोगं. यादीत नव्हतं.
यादी माझ्याकडं; हजेरीपटासारखीच लिहितो मी सहलही:
डबे अकरा, पाणी दोन कॅन,
भडंग तीन किलो.

मलप्रभा गुडघाभर.
कातळावर शेवाळ वाळून काळं पडलेलं,
पलीकडं रेल्वेचा पूल, अलीकडं देऊळ,
मध्ये एक बाई चादर पिळत होती एकटीच,
एक टोक दगडाखाली दाबून.
आमचे लेथवाले पँटी दुमडून आत शिरले
आणि लगेच एकमेकांना भिजवायला लागले.

मोनाप्पा काठावर उकिडवा बसला.
एकतीस वर्षं मोल्डिंगला.
काल त्याला आम्ही शाल दिली, नारळ दिला,
आणि घड्याळ.
ज्याला आता शिफ्ट नाही त्याला घड्याळ.

त्यानं ओली वाळू मुठीत घेतली,
आवळली, मूठ उघडली:
बोटं उमटलेला गोळा.
मधोमध मोडला. कड भुरभुरली नाही.
"बरी हाय," म्हणाला, वाळूलाच.

बाईनं चादर थांबवली.
"उसूक न्यायला आलासा? टिप्पर कुठं लावलासा?"
"नाही बाई. नुसती बघूलोय."
तिला पटलं नाही.
चादर पिळताना ती आमच्या गाडीकडंच बघत राहिली.

मग त्यानं पोरीला बोलावलं,
तिचा पाय वाळूत रोवला, भोवती मुठीनं ठोकून घेतलं,
"हलू नको," आणि अलगद पाय काढला.
पाच बोटं, टाच, मधली पोकळ कमान,
तळव्याची जुनी चीरसुद्धा.
काडीनं टाचेशी भोक पाडलं: "इथनं रस ओतायचा."
अंगठ्याशी बारीक दुसरं: "इथनं वारा जातोय.
वाट ठेवली नाही तर फुटतंय."

"मग ओत की."

ओंजळभर नदी ओतली त्यानं.
पाऊल भरलं, लखलखलं,
आणि तळापासून मुरत गेलं.
"गळलं!" पोरगी ओरडली.
मोनाप्पा असा हसला
की भट्टीपाशी त्याचे दात
मी कधी पाहिलेच नव्हते, हे ध्यानात आलं.

भरमाणीनं हॉर्न दिला.
लोंढ्यापर्यंत मोनाप्पाची उजवी मूठ मिटलेली होती.
मी विचारलं नाही.
यादीत तेवढं वाढवलं:
आसोगं. अर्धा तास. खर्च नाही.